ऋतूंची चांगली कविता कोठे शोधावी?

(फलटण परिसरातील शिक्षक, ग्रंथपाल व पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, वृक्षारोपणाच्या समारंभासाठी किंवा वर्गातील फळ्यावर लिहिण्यासाठी ऋतूंवरील एखादी चांगली कविता हवी असते. ती कोठे शोधावी, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. पाठ्यपुस्तक उघडावे, एक कविता पावसाची आणि एक वसंताची निवडावी आणि काम संपवावे, असाच सर्वत्र प्रघात आहे. फलटण तालुक्यात मात्र हा प्रघात पुरा पडत नाही. त्याचे कारण कवितेत नसून येथील आकाशात आहे.

सातारा जिल्हा एक. पण त्यातील पावसाळे दोन आहेत. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील फलटणला तो जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि पूर्वेकडील मुलूख पर्जन्यछायेत राहतो. मृगाच्या सरी येतात, आशा लावतात आणि पुढे आषाढ-श्रावण कित्येकदा नुसत्या वाऱ्यावर व भुरभुरीवर निघून जातात. खरा भरवसा असतो तो उत्तरा-हस्ताच्या, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाचा. रब्बीच्या ज्वारीचे भवितव्य त्याच ओलीवर ठरते. नीरा उजव्या कालव्याखालील शिवारात ऊस हिरवागार उभा असतो. ज्या गावांना पाणी पोचलेले नाही, तेथील माणूस मात्र हस्त कसा लागतो याकडे डोळे लावून बसलेला असतो.

अशा गावातील मुलाच्या हाती बालकवींची 'श्रावणमास' ही कविता येते. ती मराठीचे भूषण आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या मुलाच्या श्रावणात रान तहानलेले असते, त्याला कविता ही दुसऱ्या कोणाच्या गावची गोष्ट वाटू लागते. कविता पाठ होते, गुणही मिळतात, पण आपल्या गावच्या आकाशाविषयी कोणी काही बोलले असेल, ही कल्पनाच त्याच्या मनात रुजत नाही. नुकसान होते ते येथे. यावर उपाय श्रेष्ठ कविता वगळण्याचा नव्हे. तिच्या शेजारी आपल्या मुलखातील ऋतूची कविता ठेवणे आणि 'हा श्रावण आणि आपला श्रावण यांत फरक कोणता?' असे मुलांना विचारणे, हा तो उपाय होय.

ऋतूंचे शास्त्रोक्त कोष्टक आणि प्रत्यक्ष हवामान यांतील अंतर फार जुने आहे. पंचांगाप्रमाणे ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म ठरतो. महाराष्ट्रात तर मृगापासूनच पावसाळा धरतात. शरद म्हणजे निरभ्र आकाश असा काव्यातील संकेत आहे. फलटणकडे आश्विनातील ढग हेच सुखाचे चिन्ह मानले जाते. कालिदासाने 'ऋतुसंहार' या काव्यात ग्रीष्मापासून वसंतापर्यंत सहा ऋतू वर्णिले. ते वाचावे आणि त्याचा आनंदही घ्यावा. परंतु आपल्या गावाचे वर्ष त्या साच्यात बसलेच पाहिजे, असा आग्रह धरू नये. येथील वर्ष शेतकऱ्याने नक्षत्रांनी मोजले आहे आणि येथील ऋतुकाव्यही पुष्कळदा नक्षत्रांच्याच नावाने सापडते.

त्याचे ठळक उदाहरण म्हणजे हादगा. पुण्याकडे ज्याला भोंडला आणि विदर्भ-खानदेशाकडे भुलाबाई म्हणतात, त्यांच्याच जातकुळीचा हा मुलींचा खेळ सातारा-सांगली भागात हादगा या नावाने ओळखला जातो. हस्त नक्षत्राशी त्याचे नाते आहे. मध्यभागी हत्तीचे चित्र मांडावे, भोवती फेर धरावा, रोज एकेक गाणे वाढवावे आणि शेवटी खिरापत ओळखावी, अशी ही रीत आहे. ज्या पावसावर रब्बी उभी राहते, त्याच पावसाच्या दिवसांत ही गाणी म्हटली जातात. अवर्षणप्रवण मुलखात हस्ताच्या वेळी मुलींनी हत्तीभोवती गावे, यात केवळ करमणूक नाही. फलटणच्या शाळेला ऋतूची कविता हवी असेल, तर ती प्रथम येथे शोधावी.

दुसरे ठिकाण म्हणजे जाते. बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण या बाबतीत मार्गदर्शक आहे. जळगावजवळच्या आसोद्याची ही कन्या निरक्षर होती. घरकाम व शेतकाम करता करता तिने गाणी रचली, मुलाने व आप्तांनी ती कागदावर उतरून घेतली आणि तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पेरणी, पाऊस आणि शेतातील राबणूक यांविषयीची ती कविता आज अवघ्या महाराष्ट्राची झाली आहे. घरातील कोणी वही घेऊन बसले नसते, तर ती बहिणाबाईंबरोबरच गेली असती. अशा किती जणींची गाणी अशीच गेली असतील, याचा हिशेब कोणाला देता येणार नाही.

या कामाची परंपरा महाराष्ट्रात आहे. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवून प्रसिद्ध केल्या. सांगली जिल्ह्यातील बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने लोकगीतांचे अनेक संग्रह संपादित केले. पुढे गी प्वातवँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. तालुक्याच्या व गावाच्या ग्रंथालयात यांपैकी काय आहे, हे ग्रंथपालांनी एकदा पाहावे. दुर्गा भागवत यांचे १९५६ चे 'ऋतुचक्र' हे गद्य पुस्तकही जवळ असावे. महिन्यामागून महिना झाडे, आकाश व पाखरे कशी न्याहाळावीत, याचा तो उत्तम पाठ आहे. त्याहून मागे जावयाचे तर सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखली जाणारी, महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती' आहे. तीत शेतकरी, वाटसरू आणि गावातील स्त्रिया यांच्या जीवनातूनच ऋतू प्रकट होतात.

चांगली कविता ओळखावी कशी? यासाठी एक सोपी कसोटी लावता येईल. कवितेतून ऋतूचे नाव काढून टाकावे आणि मग तो ऋतू ओळखू येतो का, ते पाहावे. ओळखू येत असेल, तर कवीने वारा, माती, पीक, पाखरू किंवा माणसाचे काम यांपैकी काहीतरी खरोखर पाहिले आहे. ओळखू येत नसेल, तर त्या ओळी शब्दांच्या सजावटीपलीकडे गेलेल्या नाहीत. ही कसोटी नामवंत कवीला लावावी आणि गावच्या आजीच्या ओवीलाही लावावी. दोन्हीकडे उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण निघतील.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. प्रत्येक शाळेने एक वही ठेवावी. सुटीच्या दिवशी मुलांनी घरातील व शेजारच्या वृद्ध स्त्रियांना विचारून गाणी लिहून आणावीत. शब्द बोलीत असतील तसेच ठेवावेत. ते 'शुद्ध' करू नयेत. गाणे कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात व कोणते काम करताना म्हटले जाई, एवढी नोंद अवश्य करावी आणि सांगणाऱ्या व्यक्तीची संमती घ्यावी. धनगर बांधवांच्या ओव्याही याच वहीत याव्यात. वहीची एक प्रत शाळेत व एक गावच्या ग्रंथालयात राहावी, अशी व्यवस्था ग्रामपंचायतीने करावी.

विलंब मात्र परवडणारा नाही. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे पहाटेचे कष्ट हलके झाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु जात्याबरोबर ओवीचा प्रसंगही सरला. ज्यांनी ऐन उमेदीत जात्यावर गाणी म्हटली, त्या स्त्रिया आज वार्धक्यात आहेत. पाऊस चुकला तर पुढील वर्षी पुन्हा येतो. विसरलेल्या गाण्याचे तसे नाही. येत्या हस्तापूर्वी प्रत्येक शाळेत एक वही उघडली जावी, एवढीच विनंती.