वाळवंटातली समता गावाच्या वेशीत यावी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)



व्यासपीठावरील महाराज मंडळी, विणेकरी, चोपदार, टाळकरी, पखवाजवादक, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माउली आणि मुक्कामाला सगळ्यांच्या आधी पोहोचून चूल पेटवणारी आपली मंडळी, सर्वांच्या चरणी आमचा दंडवत.

दिंडीला शंभर वर्षं झाली, त्याचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलंच आहे. आम्हाला विषय दिलाय ‘वारकरी आणि माणसाचे हक्क’. आता कुणी म्हणेल, हक्क हा कोर्टकचेरीतला शब्द, त्याचं कीर्तनाच्या मंडपात काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचंच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. लहान मोठ्याच्या पडतो, तसा मोठाही लहानाच्या पडतो. कोण कुठला, कुणाच्या घरचा, हे विचारत नाही. समोर माणूस आहे एवढं पुरतं. हक्क म्हणतात तो हाच. कुणी उपकार म्हणून दिलेला मान निराळा आणि माणूस म्हणून जन्माला आलो म्हणून असलेला मान निराळा. आपली रीत दुसऱ्या मानाची आहे.

पण रीत वेगळी आणि वागणं वेगळं, असंही घडत आलं. चोखोबाराय मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि ते त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आज आपण नामदेव पायरीला हात लावतो, चोखोबांपुढे माथा टेकतो आणि आत जातो. पण चोखोबांच्या भाऊबंदांना तिथंच थांबावं लागे. एकदोन वर्षं नव्हे, सहाशे वर्षं! ज्याचे अभंग आत गायचे, त्याच्या लेकरांनी बाहेर उभं राहायचं.

ते दार उघडावं म्हणून सानेगुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव बोलले. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. कुठं बसले? तनपुरे महाराजांच्या मठात. हे ध्यानात ठेवा. विरोध करणारे धर्माचंच नाव घेत होते आणि गुरुजींना जागा देणारा मठ वारकऱ्याचाच होता. दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुलं करण्याचं ठरलं, तेव्हा उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. उपोषण सुटलं तेव्हा देश स्वतंत्र व्हायला तीनेक महिने उरले होते. पुढे संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यताच रद्द केली.

त्याच काळात जगातही हा विचार चालू होता. दोन महायुद्धांत माणसाची माती झाली, म्हणून १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी आग्रह धरला आणि तिथं ‘सर्व माणसं’ असं झालं. एका शब्दानं अर्धं जग आत आलं. जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांना संत मानणाऱ्या आपल्याला त्याचं मोल निराळं सांगायला नको.

सगळे समान म्हणजे सगळे एकसारखे, असा अर्थ मात्र काढू नका. काला आठवा. लाही लाहीच राहते, डाळं डाळंच राहतं, दही दहीच. कुणाची शिदोरी कुठली ते कळत नाही, पण चव प्रत्येकाची लागते. नामदेवराय पंजाबात गेले. घुमानला आजही त्यांना मानतात आणि त्यांची पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतमालिकेत आहेत. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथं आरती होते, मग पुढं निघते. दुसऱ्याची ओळख पुसली म्हणजे एकी होते असं आपल्या संतांनी कधी मानलं नाही.

आता जरा अवघड बोलतो. आषाढीची एकादशी होते, काला होतो, आपण परतीला लागतो. मागे पंढरपुरात काय राहतं? पत्रावळ्या, प्लॅस्टिक आणि मैला. तो कोण उचलतं? बहुतेक करून ज्यांच्या पूर्वजांना पायरीपाशी अडवलं, त्यांचीच नातवंडं. हातानं मैला उचलायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. फिरती शौचालयं आली, फरक पडला, हे खरं. पण शौचालय शेजारी असताना उघड्यावर बसणारा माणूस दुसऱ्या माणसाच्या मानावर बसतो. चंद्रभागेला आई म्हणायचं आणि तिच्या काठावर घाण टाकायची, ही भक्ती नव्हे.

आणि गावात? वारीत एका पंगतीला जेवलेली दोन माणसं गावात आली की एक वेशीच्या आत जातो आणि एक वस्तीवर. कुठं स्मशान वेगळं, कुठं घोड्यावरच्या नवरदेवाला अडवतात, कुठं नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. अठरा दिवसांची समता उरलेल्या वर्षाला पुरत नसेल, तर चाललो किती आणि पोहोचलो कुठं?

म्हणून शताब्दीच्या वर्षात दिंडीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, मुक्काम हलवण्याआधी आपली जागा आपणच झाडायची, विणेकऱ्यापासून सुरुवात. दोन, पंढरपुरातल्या सफाई कामगारांना दर वर्षी आपल्या पंगतीत पहिल्या रांगेत बसवायचं आणि हातमोजे, गमबूट मिळाले का हे विचारायचं. नसतील तर नगरपालिकेकडे दिंडीच्या नावानं अर्ज द्यायचा. तीन, गावात कुणाचा पाणवठा, स्मशान किंवा वरात अडवली, तर माळकरी आधी तिथं उभा राहील.

यातलं एकही काम पैशावाचून अडत नाही. वाकायची सवय तेवढी लागते आणि ती आपल्याला शंभर वर्षांची आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!