अफूचा व्यापार आणि शेजारधर्म

१८४५ सालीं माहीमच्या खाडीवर बांधरस्ता झाला आणि मुंबई बेटांतून वांद्रें-अंधेरीकडे जाणें सुलभ झालें. त्या कामास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनीं पैसा दिला. तें औदार्य थोर खरेंच. परंतु त्या घराण्याची संपत्ति चीनच्या व्यापारांतून आली होती, आणि त्या व्यापारांत कापसाबरोबर माळव्याची अफूहि होती.

चीनच्या बादशहानें १७२९ सालींच अफूच्या विक्रीस बंदी केली होती. तरी पेट्या जातच राहिल्या; कारण चीनमध्यें जो गुन्हा, तोच शेजारच्या हिंदुस्थानांत सरकारी उत्पन्नाचा मार्ग होता. पुढें कंपनी सरकारलाहि हाच अनुभव आला. मुंबईंतील कर चुकविण्यासाठीं माळव्याचा माल कराचीमार्गें पोर्तुगिजांच्या दमणला जाई व तेथून गलबतांवर चढे. १८४३ सालीं सिंध इंग्रजांच्या हातीं आला, तेव्हां कोठें ही वाट बंद झाली.

खरा पालट घडला तो १९०७ च्या करारानें. चीननें आपली लागवड दहा वर्षांत बंद करावी आणि हिंदुस्थानांतून तिकडे जाणारा माल दरसाल एकदशांशानें घटवावा, असें ठरलें. ५१,००० पेट्यांतून वर्षाला ५,१०० कमी होऊं लागल्या. १९१३ सालीं तर चीनसाठीं होणारे लिलावच थांबले. पुढें चीनमध्यें यादवी माजली व लागवड पुन्हां वाढली. एकाचा हात सुटतांच दोघांचेहि श्रम वायां गेले.

आज माल उलट दिशेनेंहि येतो. अंधेरीनजीकच्या सहार विमानतळावर तो वेळोवेळीं पकडला जातो. २०२० सालीं न्हावाशेवा बंदरांत अफगाणिस्तानांतून आलेलें १९१ किलो हेरॉईन सांपडलें. तें आयुर्वेदीय औषध म्हणून दाखविलें होतें. १९८५ चा भारतीय कायदा कडक आहे, परंतु परक्या भूमीवर त्याचा अंमल चालत नाहीं. म्हणूनच १९९० सालीं माले येथें दक्षिण आशियांतील सात देशांनीं करार केला. आरोपी परस्परांच्या हवालीं करावे, तपासांत व पुराव्यांत साह्य द्यावें, असें त्यांत ठरलें. माहितीच्या देवघेवीसाठीं कोलंबोस कचेरीहि निघाली. मात्र २०१४ नंतर या देशांची शिखर परिषद भरलेली नाहीं. शेजाऱ्यांचा अबोला चोरट्या व्यापाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

मुलुंड-बोरिवलीच्या एखाद्या घरांतील तरुणाच्या हातीं विषाची पुडी पडते, ती कितीतरी हद्दी ओलांडून आलेली असते. सहारचा पहारेकरी हा तिच्या वाटेवरील अखेरचा. पहिला पहारेकरी शेजारच्या देशांत उभा असावयास हवा, आणि त्याचा निरोप वेळेवर इकडे पोंचावयास हवा.