ऋणानुबंधाचे भांडवल



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी सुवर्णाचीच गोष्ट सांगणे अनुचित ठरू नये. भारतातील अनेक शहरांच्या सराफ बाजारात जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करणारे मराठी गलाई व्यावसायिक आढळतात. त्यांपैकी पुष्कळांचे मूळ गाव सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांत असते. पर्जन्यछायेतील त्या भूमीत सोन्याची खाण नाही आणि शेतीलाही पावसाचा भरवसा नव्हता. मग हा व्यवसाय उभा राहिला तो कशाच्या बळावर?

आमच्या मते, विश्वासाच्या. सराफ आपले सोने परप्रांतीयाच्या मुशीत टाकतो, ते कोणीतरी दिलेल्या ओळखीवर. गावाकडचा मुलगा मामाच्या वा चुलत्याच्या दुकानी येतो, भट्टी आणि तेजाब हाताळण्यास शिकतो, घरच्याच पंक्तीला जेवतो. पुढे त्याच नातलगाच्या शब्दावर स्वतःचे दुकान थाटतो. शिक्षण, निवास, उसनवारी आणि जामीन ही चारही कामे एकटी भावकी पार पाडते. एकाच्या लबाडीने साऱ्यांची पत जाईल, हे भय करारपत्राहून प्रभावी ठरते.

परंतु या भांडवलाला मर्यादाही आहेत. ज्याला मामा नाही, त्याने कोणाच्या दारी जावे? निराधार भगिनीला किंवा भावकीबाहेरच्या होतकरू तरुणाला तो उंबरठा ओलांडता येतोच असे नाही. शिवाय नात्यात हिशेब विचारणे संकोचाचे होते. येथेच संस्थेची आवश्यकता उत्पन्न होते.

महाराष्ट्राने हे पाऊल पूर्वीच टाकले आहे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी अध्यक्षपद स्वीकारले आणि १९५० साली प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. गावकऱ्यांचा आपसातील परिचय जुनाच होता. त्याला भागधारकत्व, नियम आणि लेखापरीक्षा यांची जोड मिळाली. पुढे राज्यातील अनेक सहकारी कारखाने डबघाईस आले, हेही आपण विसरू नये. सभासदाने हिशेब विचारणे सोडले की संस्था पुन्हा मूठभरांची भावकी होते.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि हळदीकुंकू यांतून परिचय जोडला. या नगरात नव्याने येणाऱ्या मराठी माणसाला पहिला पत्ता मिळतो तो मंडळाचाच. त्या परिचयातून आता एक साहाय्यनिधी उभा राहावा, असे आम्हांस वाटते: कोणाच्या शिक्षणाच्या शुल्कासाठी, कोणाच्या शिवणयंत्रासाठी. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आपण फलकावर लावतो. तीच शिस्त येथे असावी. अर्जदाराचे आडनाव न पाहता त्याची गरज पाहावी. आणि ज्या स्थानिक शेजाऱ्यांनी आपल्या शब्दावर विश्वास टाकला, त्यांच्या मुलांनाही त्या निधीचे दार उघडे असावे. त्यांचे ऋण आपल्यावर आहे, आणि ते फेडण्याचा हाच उचित मार्ग होय.