ओढ्यात मासा दिसतो, म्हणून?

ओढ्यात मासे पोहताना दिसले की पाणी चांगलं असणार, असं आपण धरून चालतो. हा समज किती फसवा आहे, ते कॅनडातल्या एका प्रयोगानं दाखवलं. ओंटारिओ प्रांतातल्या २२३ क्रमांकाच्या छोट्या सरोवरात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून आठ वर्षं बेताबेतानं आम्ल मिसळलं आणि पाण्याचा सामू ६.८ वरून ५.० पर्यंत उतरवला. सामूत एका अंकाची घट म्हणजे आम्लता दहापट. तिथला मोठा शिकारी मासा ट्राउट. आम्लानं तो थेट मेला नाही, उपाशी पडला. सामू ५.८ च्या आसपास आला तेव्हाच त्याच्या अन्नसाखळीतले महत्त्वाचे जीव नाहीसे झाले होते. शेवटी खंगलेले जुने मासे तेवढे दिसत राहिले.

वाहत्या पाण्यात हा घाव अचानक बसतो. दक्षिण नॉर्वेच्या कातळी मुलखात मातीत आम्ल शमवणारा चुना कमी. युरोपातल्या कारखान्यांच्या गंधकाचं आम्ल हिवाळाभर तिथल्या बर्फात साठायचं आणि बर्फ वितळू लागलं की थोड्याच दिवसांत ओढ्यात उतरायचं, वाटेत मातीतलं ॲल्युमिनियम सोबत घेऊन. हे ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसतं, मासा गुदमरतो, त्याच्या रक्तातले क्षार पाझरून जातात. सामन माशाची पिल्लं समुद्राकडे निघतात तीही नेमकी वसंतातच. वर्षाची सरासरी काढणाऱ्याला हे घातक दिवस दिसतच नाहीत. म्हणून माझं म्हणणं असं, की मासे आहेत का एवढं विचारून भागत नाही. या वर्षीची पिल्लं आहेत का, ते पाहायला हवं.

यावर कुणी म्हणेल, ॲमेझॉन खोऱ्यातली रिओ नेग्रो नदी मुळातच आम्लधर्मी आहे, तरी माशांनी भरलेली आहे. खरं आहे; पण तिथले मासे युगानुयुगं त्या पाण्यात घडले, सामनला मिळाली काही दशकं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. नॉर्वेचेच भूवैज्ञानिक रोसेनक्विस्ट म्हणत, दोष आम्ल आणणाऱ्या पावसाचा नाही, जमिनीच्या बदललेल्या वापराचा आहे. मग दक्षिण नॉर्वेत रिस्डाल्सहाया इथे संशोधकांनी एका छोट्या पाणलोटावर चक्क छत घालून आम्लपाऊस अडवला आणि खाली स्वच्छ पाणी शिंपडलं. जमीन तीच, पण तिथून वाहणाऱ्या पाण्यातलं सल्फेट घटलं.

दक्षिण नॉर्वेतल्याच मांडाल नदीतून सामन नाहीसा झाला होता. १९९७ पासून तिच्यात चुनखडीची भुकटी सोडू लागले आणि तो परतला. युरोपातलं गंधक आता खूप कमी झालंय, पण मातीतून धुऊन गेलेलं कॅल्शियम भरून यायला फार वर्षं लागतात.