हट्टी चामखीळ

घोड्याच्या शेपटीचा केस बांधला कीं चामखीळ गळून पडते, असें सांगणारें कोणी ना कोणी प्रत्येक घरीं असतें. दुसरा चुना-सोड्याचें नांव घेतो, तर तिसरा बिब्ब्याचा चटका देण्यास पुढें सरसावतो. उपायानंतर कांहीं आठवड्यांनीं चामखीळ नाहींशी झाली, कीं त्याचा लौकिक साऱ्या आळींत पसरतो. श्रोतेहो, या यशाचें श्रेय खरोखर कोणाचें, हें पाहण्यासारखें आहे.

चामखीळ विषाणूमुळें होते. १९०७ सालीं चिउफो या इटालियन संशोधकानें, चामखिळीचा रस सूक्ष्म गाळणींतून गाळून टोंचला तरी नवी चामखीळ उठते, असें दाखविलें. हा विषाणु बारीकशा ओरखड्यांतून शिरतो व त्वचेच्या वरच्या थरांतील पेशी बेसुमार वाढवितो. चामखिळींत दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यांना लोक तिचीं मुळें समजतात. वस्तुतः तीं रक्त गोठलेल्या सूक्ष्म वाहिन्यांचीं टोकें होत. चामखिळीला मूळ नसतेंच. तेव्हां मूळ जाळण्यासाठीं खोल चटका देणें म्हणजे निरोगी कातडी जाळणें होय. बिब्बा उतला म्हणजे अंगावर फोड उठतात, आणि रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होतो. चामखीळ गेली तरी व्रण जन्मभर राहतो.

उलट, मुलांच्या चामखिळींपैकीं सुमारें दोन तृतीयांश दोन वर्षांच्या आंत आपोआप जातात. शरीर त्या विषाणूला ओळखूं लागतें आणि त्याचा निकाल लावतें. केसाला व चुन्याला मिळणारें श्रेय पुष्कळदां या काळाचें असतें.

तथापि चामखीळ दुखत असेल किंवा पसरत असेल, तर सॅलिसिलिक ॲसिड हें कसोटीस उतरलेलें औषध आहे. औषधांच्या दुकानांत त्याचें शेंकडा १७ च्या सुमाराचें द्रावण मिळतें. रात्रीं ती जागा ५ मिनिटें कोमट पाण्यांत भिजवावी. मऊ झालेला थर वजरीनें हलकेच घासावा. रक्त काढूं नये. ती वजरी दुसऱ्या कोणीं वापरूं नये. मग सभोंवार व्हॅसलीन लावून औषधाचा थेंब केवळ चामखिळीवर सोडावा. फार आग झाल्यास कांहीं दिवस थांबावें. हा क्रम १२ आठवड्यांपर्यंत चालवावा लागतो. पुष्कळ लोक तिसऱ्याच आठवड्यांत कंटाळतात आणि चामखिळीला हट्टी ठरवितात!

चेहऱ्यावर व गुह्यांगावर हें औषध लावूं नये. मधुमेही मनुष्यानें पायाच्या चामखिळीवर घरीं उपचार करूं नये. पायाची संवेदना मंदावलेली असल्यास झालेली जखम त्यास कळत नाहीं. उतारवयांत नव्यानें उठलेला, रंग पालटणारा किंवा रक्त येणारा उंचवटा चामखीळच असेल, असें गृहीत धरूं नये. तो कर्करोगही असूं शकतो, म्हणून त्यावर कांहींही लावण्यापूर्वीं तो डॉक्टरांस दाखवावा. इतर चामखिळींच्या बाबतींत मात्र चटक्यापेक्षां चिकाटी बरी.