लेकराच्या उपचारात आईलाही आत बसू द्या

आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या काही आया. आमच्या प्रत्येकीच्या घरात एक स्वमग्न मूल आहे. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात. शनिवारी दुपारी कुणाच्या तरी सोप्यात आम्ही जमतो, चहा घेतो आणि आठवडा कसा गेला ते एकमेकींना सांगतो. आमच्यातल्या दोघी गावाकडून एसटीनं येतात. त्या म्हणाल्या, "आमच्या बचत गटात हे कुणालाच ठाऊक नाही. एकदा रेडिओवर सांगूया." म्हणून आज आलो आहोत.

स्वमग्नता म्हणजे वेड नाही, आणि नजर लागणंही नाही. मुलाच्या मेंदूची घडण जन्मापासूनच थोडी वेगळी असते. त्यामुळे बोलणं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, आवाज-गर्दी सोसणं त्याला जड जातं. मूल वर्षाचं झालं तरी हाक मारल्यावर बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोटानं काही दाखवत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलं, तर वाट बघू नका. आम्ही बघितली. "पोरगं आहे, उशिरा बोलेल, बापही उशिराच बोलला होता," असं घरचे म्हणायचे. त्यात आमची कुणाची एक, कुणाची दोन वर्षं गेली. त्याची रुखरुख आजही आहे.

आणखी एक सांगतो. हे आईमुळे होत नाही. एके काळी अमेरिकेतले मोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे, की आईनं माया केली नाही म्हणून मूल असं झालं. ते खोटं ठरून आता कित्येक वर्षं झाली. तेव्हा सासरी कुणी बोल लावला तर मान खाली घालू नका.

आता जायचं कुठं? सुरुवात गावातल्या अंगणवाडीपासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यातलं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यात स्वमग्नताही धरलेली आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घेऊन जा आणि शंका स्वतःहून सांगा. रडणाऱ्या मुलाला दोन मिनिटांत बघून सगळं कळत नाही, ते आईलाच सांगावं लागतं. पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांच्या लवकर उपचारांसाठी सरकारी केंद्र असतं, तिथली चिठ्ठी मागून घ्या. पथक यायला वेळ असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. कानाची तपासणीही करून घ्या, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला बघत नाही.

निदान झालं की 'बिहेवियर थेरपी करा' असं सांगतात. आम्हाला वाटलं, हे मालिश किंवा इंजेक्शनसारखं काहीतरी असणार. मुलाला नेऊन सोडायचं, तासाभरानं आणायचं, की झालं. एका ठिकाणी आम्ही तसंच केलं. दार बंद असायचं. आम्ही बाहेर बाकावर बसायचो. पैसे भरत होतो, पण आत काय चाललंय ते सात महिने कळलं नाही. मूल तिथं टेबलावर ठोकळे लावायला शिकलं. घरी मात्र तहान लागली की पहिल्यासारखंच डोकं आपटायचं.

पुढं एका शिक्षिकाबाईंनी आम्हाला आत बसवून घेतलं आणि हातात वही दिली. वहीत तीन रकाने होते: आधी काय झालं, मुलानं काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. आमच्यातल्या एकीचा सहा वर्षांचा मुलगा शाळेतून येताना निवृत्ती चौकात रस्त्यावर अंग टाकायचा. लोक बघायचे, मग ती कुरकुऱ्याची पुडी घेऊन त्याला उठवायची. सगळे म्हणायचे, पोरगं हट्टी झालंय. पंधरा दिवस वही लिहिल्यावर दिसलं, की रविवारी त्याच चौकात तो काहीच करत नाही. शाळा सुटायच्या वेळी गाड्यांचे हॉर्न असले, की मगच खाली बसतो. त्याला आवाज सोसत नव्हता आणि तोंडानं सांगता येत नव्हतं. मग ती मागच्या गल्लीनं येऊ लागली. घराचं चित्र काढलेला एक कागद त्याच्या खिशात ठेवला. त्रास झाला की ते चित्र दाखवायचं, हे घरीच खेळता खेळता शिकवलं. चित्र दाखवलं की लगेच घराकडं वळायचं. तीन महिने लागले. आता तो अंग टाकत नाही, आईचा हात ओढून चित्र दाखवतो.

वागण्यावरचा उपचार म्हणजे हेच. मूल का असं करतंय ते शोधायचं, आणि तीच गरज सांगायची सोपी रीत त्याला शिकवायची. अंघोळीसारखं मोठं काम लहान तुकड्यांत शिकवायचं. आधी नुसता तांब्या धरायचा, मग पायावर पाणी, मग अंगावर. जमलं की तिथल्या तिथं कौतुक करायचं. मारायचं नाही, कोंडायचं नाही. मूल हात फडफडवतं, गोल फिरतं, त्यानं कुणाला इजा होत नसेल तर ते मोडून काढायची गरज नाही. मुलाला दुसऱ्यासारखं दिसायला लावायचं नाही. त्याला आपलं म्हणणं सांगता यावं आणि आपलं काम आपण करता यावं, एवढ्यासाठी हे सगळं आहे.

"आम्ही अडाणी, आम्हाला जमेल का?" असं आमच्या गावाकडच्या मैत्रिणीनं विचारलं होतं. तर गोव्याचं ऐका. तिथं 'संगाथ' नावाची संस्था आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून 2 ते 9 वर्षांच्या 65 मुलांचा एक अभ्यास झाला, तो 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या मुलांच्या घरी मोठे तज्ज्ञ गेले नाहीत. शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते गेले. ते आई-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढायचे आणि आईला दाखवून विचारायचे, इथं मुलानं काय मागितलं, तुम्ही काय केलं? त्या आयांचं मुलांशी सूर जुळणं वाढलं, आणि मुलंही आपणहून आईकडं जास्त वळू लागली. थोडक्यात, नीट शिकवलं तर आपल्याला जमतं. तज्ज्ञ लागतोच, पण तो आठवड्यातून तासभर भेटतो. बाकीचे सगळे दिवस मूल आपल्याजवळ असतं.

म्हणून कुठंही नाव घालण्याआधी चार गोष्टी विचारा. मला आत बसू द्याल का? पुढच्या तीन महिन्यांत काय शिकवणार? घरी मी काय करू, ते दाखवाल का? आणि तुमची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का? विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची तिथं नोंदणी असते. "पूर्ण बरा करून देतो," असं कुणी म्हणालं तर उठून या. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागतात. स्वमग्नतेसाठी त्या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं 2022 मध्येच सांगितलं आहे. त्यासाठी दागिने मोडू नका, रान गहाण टाकू नका.

कागदाचं कामही उरकून घ्या. 2016 च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. प्रमाण 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो, आणि त्यात थेरपीही येते. प्रत्येक पावती जपून ठेवा. शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकांना समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांबद्दल विचारा.

शेवटी गटातल्या बाकीच्या बायांना एक मागणं. तुमच्या गावात असं मूल असेल, तर हळदी-कुंकवाला त्याच्या आईला मुलासकट बोलवा. मूल ओरडलं तर तिच्याकडं टक लावून बघू नका. ती तपासणीला कोल्हापूरला निघाली, तर एकीनं तिच्यासोबत एसटीत बसा आणि एकीनं तिच्या म्हशीची धार काढा. आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो अशाच मदतीचा. आमची मुलं अजून शिकतायत, आम्हीही शिकतोय. घरी गेल्यावर एक वही घ्या आणि आजपासून तीन रकाने आखा.