मुद्दलाला हात लावू नका
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'व्यवसायाचे धडे' या विषयावर बोलण्याची आज्ञा संस्थेने मला केली आहे. मी व्यापारी नाही, बँकेतला कारकून आहे. महाविद्यालयात इतिहास शिकलो आणि पोटासाठी आकडे शिकलो. मात्र कर्ज घेणारा माणूस वर कसा येतो आणि खाली कसा जातो, हे काउंटरच्या अलीकडून रोज पाहतो.

आपली मागची पिढी शिकली आणि नोकरीला लागली. त्या नोकरीवर घरे उभी राहिली. आज तशा नोकऱ्या आटल्या आहेत. आपली मुले झेरॉक्सचे दुकान, खानावळ, मोबाईल दुरुस्ती, टेम्पो अशा धंद्यांत उतरत आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेने छोट्या कर्जाची वाटही थोडी मोकळी केली. कर्ज मिळते, फीत कापली जाते, पेढे वाटले जातात आणि दोन वर्षांत शटर खाली येते. गिऱ्हाईक नव्हते म्हणून धंदा बुडाला, असे आपण म्हणतो. मी पाहिलेल्या कितीतरी धंद्यांत गिऱ्हाईक होते. मुद्दल घराने खाल्ले होते.

यावरचा धडा शोधायला फार लांब जायला नको. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात तिथे, तो दगडात कोरलेला आहे. क्रमांक १० च्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी त्याने ३,००० कार्षापणे दिली. पण ती भिक्खूंच्या हाती दिली नाहीत. गोवर्धन गावातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने.

आता आपण हिशोब करू. २,००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४० कार्षापणे. लेखात २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ देण्याचे सांगितले आहे. वीस बारे दोनशे चाळीस! एकही नाणे कमी नाही की जास्त नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० किरकोळ खर्चासाठी. आणि स्पष्ट अट अशी की मुद्दल परत काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे.

या व्यवहारात विणकरांचाही फायदा होता. सूत घ्यायला, माग चालवायला त्यांना कायमचे भांडवल मिळाले. शिवाय सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवलेला नाही. हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला गेला आणि त्याची नोंद झाली, असेही लेखात म्हटले आहे. राजाच्या जावयाने तोंडी व्यवहार केला नाही. आपण मात्र मेव्हण्याला वीस हजार उसने देताना कागद करायला लाजतो.

हे शहाणपण केवळ राजघराण्याचे नव्हते. तिथल्याच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील एका लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी वेगवेगळ्या कारागिरांच्या श्रेणींकडे अशाच ठेवी ठेवल्या आहेत. भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थाला केलेला उपदेश आपल्याला माहीत आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक संसाराला, दोन व्यवसायाला आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी. आपण वंदना रोज म्हणतो, पण हा हिशोब किती घरांत होतो?

याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. सिनेमा सर्वांना आवडतो, तेव्हा त्यातलाही धडा घेऊ. २००९ सालचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. फाळक्यांनी भांडवल मागण्याआधी कुंडीतल्या रोपाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म तयार केली. आधी नमुना दाखवला, मग पैसे मागितले. कर्जाचा अर्ज असाच असावा! विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. पण या बाई नुसत्या दागिने देऊन बसल्या नाहीत. काम करणाऱ्यांचा स्वयंपाक त्यांनी केला आणि कच्च्या फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे कामही केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यात त्यांचा निम्मा वाटा मानला पाहिजे. न विचारता गहाण टाकलेले मंगळसूत्र आणि समजून-उमजून दिलेले दागिने यांत फार अंतर आहे.

पण गोष्टीचा पुढचा भागही सांगितला पाहिजे. १९१८ साली नाशिकला भागीदारीत कंपनी निघाली, पुढे भागीदारांशी मतभेद झाले, फाळके बाहेर पडले, नंतर परतले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले, तेव्हा घरात ओढगस्त होती. कला मोठी होती, धाडस मोठे होते. चौथा भाग मात्र मागे राहिला नव्हता.

आता घरातले पाहू. आमच्या आईला सही करण्यापुरतेच अक्षर येत होते. तिच्या फळीवर चार डबे असत. दळण-किराण्याचा, फीचा, औषधाचा आणि चौथा 'नाही' म्हणायचा. त्यातले पैसे कोणी मागितले की ती सरळ 'नाही' म्हणे. पाहुणे आले तरी किराण्याच्या डब्यातच भागवायचे. ज्या दुकानात असा 'नाही' म्हणणारा डबा नसतो, तिथे गल्ला म्हणजे घराचा खिसा होतो. सकाळी भाजी, दुपारी रिचार्ज, संध्याकाळी मित्राचा वाढदिवस, आणि महिनाअखेर घाऊक व्यापाऱ्यासमोर खाली मान.

म्हणून तरुणांना तीन गोष्टी सांगतो. दुकानाचे आणि घराचे खाते वेगळे ठेवा. स्वतःला ठरावीक पगार लावा आणि तेवढाच घरी न्या. आणि बायकोला हिशोबाची वही दाखवा, तिला 'नाही' म्हणण्याचा अधिकार द्या. लग्न, बारसे, जयंतीची वर्गणी हे सारे जरूर करा, पण नफ्यातून करा.

डॉ. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांच्या पूर्वजांच्या हाती रुपया टिकू दिला गेला नाही, त्यांच्यातील एका माणसाने साऱ्या देशाच्या रुपयाचा विचार केला. आपण निदान आपल्या गल्ल्यातल्या रुपयाचा विचार करू या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या विणकरांनी मुद्दल सांभाळले, तर आपल्यालाही ते जमेल.